गांवतलावाची निगा : श्रमदान केव्हां व कसें

धानाच्या लोंबींत दूध भरावयाच्या वेळीं एक पाणी चुकलें म्हणजे सारें वर्ष चुकलें, हें भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानकऱ्यांस सांगावयास नको. तें शेवटचें पाणी हातीं असावें म्हणूनच गोंड राजांच्या अमलांत कोहळी मंडळींनीं तलाव व बोड्या बांधिल्या. आज पूर्व विदर्भांत अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांवर आहे.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट होऊन हे तलाव सरकारकडे गेले. पुढें त्यांतील बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदांच्या ताब्यांत आले. मालगुजारी गेली याबद्दल दुःख करणारांपैकीं आम्ही नव्हे. परंतु तिच्याबरोबर पाळीवर माती घालणें, मोरी साफ करणें व सांडवा सांधणें ही दरसालची वहिवाटहि गेली, आणि तिची जागा दुसऱ्या कशानेंहि भरून निघाली नाहीं. ती भरून काढण्याचा मार्ग म्हणजे गांवानें आपखुषीनें केलेले श्रम. हल्लीं अशा श्रमदानाचा उत्साहहि बराच दिसतो. एखाद्या सुटीच्या दिवशीं पन्नास माणसें जमतात, पाळीवरचा कचरा उचलतात, छायाचित्र निघतें, आणि तलाव पुन्हां वर्षभर एकटा पडतो. तलावाचा रोग कोणता हें न पाहतां केलेले श्रम म्हणजे नाडी न पाहतां दिलेला काढा होय.

पहिला रोग बेशरमाचा. ही झुडपें मूळचीं अमेरिकेंतलीं. गुरें त्यांस सहसा तोंड लावीत नाहींत, आणि शेळीनें तीं खाल्लीं तर विषबाधा होते. एकदां काठ धरला कीं तीं तलावांत शिरत जातात व गाळ अडवून उथळ जागा वाढवितात. पुष्कळ ठिकाणीं पावसाळ्यांत कोयत्यानें तीं छाटून तेथेंच टाकितात. हें छाटणें नव्हे, लावणी होय. कारण ओल्या चिखलांत पडलेल्या प्रत्येक कांडीस मुळें फुटतात. काम चैत्र-वैशाखांत, तळ उघडा पडल्यावर करावें. झुडूप मुळासकट खणून काढावें, पाण्याची रेषा जेथें पोंचत नाहीं तेथें नेऊन पूर्ण वाळवावें, आणि पुढील दोन-तीन उन्हाळे नवीन फूट शोधून उपटीत राहावें. पहिल्या वर्षीं पन्नास माणसें लागतात, तिसऱ्या वर्षीं पांच पुरतात. पण तीं पांच मिळणेंच अवघड असतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पाण्यांतील सर्वच वनस्पति शत्रु नव्हेत. कमळ, कुमुद, देवधान आणि पाण्याखालीं वाढणारीं देशी शेवाळवजा झाडें हीं गाळ स्थिर धरतात, व त्यांच्या आडोशास मरळ, मागूर, शिंगी यांसारखे देशी मासे वाढतात. त्यांचाहि केर समजून तळ खरडून काढला तर तलाव स्वच्छ दिसेल, पण जिवंत राहणार नाहीं. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव भागांत ढीवर मंडळींनीं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्यानें बेशरम काढून, तलावाचा तळ नांगरून, देशी पाणवनस्पति मुद्दाम लाविल्या. तेथें मासे व पक्षी परतल्याचा अनुभव आहे. ढीवरास कोणती वनस्पति कोठें येते व कोणता मासा ती खातो हें पिढ्यांचें ज्ञान आहे. आपण जमीनधारक मंडळी त्याला विचारीत नाहीं, हा आपला तोटा.

दुसरा रोग गाळाचा. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १ लाख ३ हजार लिटर. शंभर एकरांच्या तलावांत सर्वत्र एक इंच गाळ बसला कीं एक कोटी लिटरांवर सांठा गेला. एकरीं दोन इंच पाणी धरल्यास, पाटांतील तूट सोडून, तें ५० एकर धानाचें शेवटचें पाणी झालें. राज्य सरकारनें २०१७ सालीं गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढिली, आणि बारीक गाळ हलक्या जमिनीस हितकर आहे हें सर्वांस ठाऊक आहेच. तरीपण परवानगी घेतल्यावांचून खणूं नये, पाळीच्या पायाशीं खणूं नये, आणि तळाचा घट्ट चिकण थर फोडूं नये. तो फुटला कीं पाणी झिरपून जातें. उन्हाळ्यांत मासे जगावेत म्हणून एक डोह मात्र खोल ठेवावा.

तिसरा रोग आमच्याच बांध्यांतून येतो. खत टाकल्यावर जोराचा पाऊस आला कीं नत्र पाण्याबरोबर व स्फुरद मातीबरोबर वाहून तलावांत उतरतें. पाणी हिरवें होतें. रात्रीं त्यांतील प्राणवायु खुंटतो, आणि पहांटे मासे वर येऊन धापा टाकतांना दिसतात. युरिया एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावा, पावसाचा रंग पाहून द्यावा, व दिल्यावर कांहीं दिवस बांधीचें तोंड बंद ठेवावें. यांत खताची बचतहि आहे.

पाणी बिघडत आहे कीं सुधारत आहे हें ओळखण्याचें साधन घरीं करतां येतें. इटलींतील खगोलशास्त्रज्ञ सेक्की यानें १८६५ सालीं समुद्राच्या पाण्याचा निर्मळपणा पाहण्यासाठीं ही युक्ति वापरली. आठ इंच व्यासाच्या पत्र्याच्या थाळीचे चार भाग करून ते आळीपाळीनें काळे-पांढरे रंगवावेत, खालीं दगड बांधावा, व दोरीस दर १० सेंटिमीटरांवर गांठ मारावी. दुपारीं डोंग्याच्या सावलीच्या बाजूनें थाळी सोडावी; ती दिसेनाशी होते ती खोली व वर ओढतांना पुन्हां दिसते ती खोली, या दोहोंची सरासरी वहींत मांडावी. पाणी हिरवें आहे कीं तांबूस हेंहि लिहावें. हिरवें असल्यास खताकडे व तांबूस असल्यास मातीच्या धुपीकडे पहावें. जागा तीच, पंधरा दिवसांनीं एकदां. शाळेंतील वरच्या वर्गाचीं मुलें हें काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं उत्तम करितात, आणि मोठ्यांपेक्षां नियमितपणें करितात.

आतां अप्रिय गोष्ट. पाणी ओसरलें कीं काठावर लाखोरी पेरली जाते, पुढल्या वर्षीं तेथें धुरा पडतो, आणि त्या पुढल्या वर्षीं तो तुकडा बुडूं नये म्हणून रात्रीं कोणीतरी सांडवा फोडतो. हें भूमिहीन करीत नाहीं. काठाला ज्याचें शेत लागून आहे तोच करूं शकतो. श्रमदानाच्या यादींत नांव घालण्यापूर्वीं अशा तुकड्यावरचा हात काढावा. नाहींतर गाळ उपसणाऱ्या शेजाऱ्यानें आपल्याकडे कोणत्या तोंडानें पहावें?

धानासाठीं मोरी शेवटपर्यंत उघडी ठेवणें व मासळीसाठीं पाणी राखणें, यांचें भांडण गांवोगांव आहे. तें मिटविण्याचा सोपा उपाय असा कीं, शेतकरी व ढीवर सोसायटी यांनीं एकत्र बसून किमान पाण्याची पातळी ठरवावी व मोरीजवळ दगडी खांबावर तिची खूण करावी. ही बैठक मृगाआधीं, तलाव कोरडा असतांना घ्यावी; कार्तिकांत पाणी डोळ्यांसमोर उतरत असतां कोणाचेंहि डोकें थंड राहत नाहीं.