पूर ओसरल्यानंतरचे नियोजन : चाळीसगावचा अनुभव

पुरानंतरच्या पहिल्या दिवसांत अन्न, निवारा व औषधे पुरविणे म्हणजे मदतकार्य, तर वाहून गेलेले रस्ते, पाणीयोजना, शेतजमिनी व बाजारपेठ पुन्हा उभी करणे म्हणजे पुनर्उभारणी. मदतकार्यासाठी सारी यंत्रणा धावते, परंतु पुनर्उभारणीला उत्तरदायी कोण, हे बहुधा आधी ठरलेलेच नसते.

30 व 31 ऑगस्ट 2021 रोजी अतिवृष्टीमुळे तितूर व डोंगरी या नद्यांना पूर आला, जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या बाजारपेठेत व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, शेकडो जनावरे दगावली आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. नुकसान एका रात्रीचे असले, तरी त्याची नोंद अनेक कार्यालयांत विभागली जाते. पिकांचा पंचनामा, म्हणजे नुकसानीची जागेवर केलेली लेखी नोंद, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) करतात; जनावरांसाठी पशुवैद्यकीय दाखला लागतो; शहरातील गटारे नगरपरिषदेकडे, तर घाट महामार्ग यंत्रणेकडे असतो. वाहून गेलेली गाय सापडलीच नाही तर दाखला कशाच्या आधारे द्यावा आणि भाड्याच्या गाळ्यातील दुकानदाराने भिजून गेलेल्या मालाचा पुरावा कोठून आणावा, हे प्रश्न चिखलात उभे राहून सुटत नाहीत. जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक व गाळेधारकांची यादी पावसाळ्यापूर्वीच दप्तरी असेल, तर त्यांतील बराचसा वाद उद्भवत नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 41 नुसार बाधित क्षेत्रातील मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी ही स्थानिक प्राधिकरणाचीही कर्तव्ये आहेत, आणि ती राज्य व जिल्हा आराखड्यांनुसार पार पाडावयाची आहेत. पैशाची वाटही आखलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीचा 80 टक्के भाग प्रतिसादाकरिता व 20 टक्के धोका कमी करण्याकरिता ठेवला, आणि त्या 80 टक्क्यांत मदतीला 40, पुनर्उभारणीला 30 व पूर्वतयारीला 10 टक्के असे वाटे केले. कार्यक्रम व्यवस्थापन याचा अर्थ येथे इतकाच, की प्रत्येक कामाचा निधी, प्रशासकीय मान्यता, मुदत व जबाबदार अधिकारी एकाच नोंदवहीत दिसावेत. तशी नोंदवही नसल्यास एकच मोरी दोन लेखाशीर्षांखाली मागितली जाते आणि शेजारची खरडून गेलेली जमीन कोणाच्याच यादीत येत नाही.

निधी व नोंदींबरोबर जागेचाही प्रश्न असतो; पांझरा नदीच्या काठी वसलेल्या धुळ्यात तो दिसतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर असते. परंतु पुरानंतरच्या घाईत भिंत जुन्याच पायावर चढते, आणि एकदा चढली की ती हटविण्याचे धैर्य क्वचितच कोणी दाखवितो. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावांचे स्थलांतर झाले, त्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने स्वतंत्र कार्यक्रम व यंत्रणा उभारावी लागली. भरवस्तीच्या बाजारपेठेला तो मार्ग लागू पडत नाही, म्हणून कोणती बांधकामे त्याच जागी होऊ द्यायची नाहीत याचा ठराव पूर येण्याआधीच झाला पाहिजे.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील नगरपरिषदा, महानगरपालिका व ग्रामपंचायतींनी मान्सूनपूर्व बैठकीत नालेसफाईबरोबरच पुनर्उभारणीचा विषयही घ्यावा आणि त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव लेखी आदेशात नमूद करावे.