आपल्या वायफायवर कोण कोण?

पाठपरिचय

घरात इंटरनेटची जोडणी घेणारा गृहस्थ दरमहा पैसे भरतो. पण त्या जोडणीवर नेमकी किती उपकरणे चालतात, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. भिंतीवर टांगलेल्या राउटर नावाच्या लहानशा पेटीपाशी मात्र त्यांची यादी असते. ती यादी कशी वाचावी आणि वाचताना घाई का करू नये, हे या पाठात आपण पाहणार आहोत. (‘राउटर’ला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप येथे केलेला नाही. दुकानदाराला कळतो तोच शब्द बरा.)

पाठ

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहराचा मराठी माणसांशी संबंध आहे. महामाया मंदिर आणि जैतूसाव मठ ज्या भागात आहेत, तो भाग पुरानी बस्ती या नावाने ओळखला जातो. गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले. अशा वस्तीत वायफायच्या लहरी भिंत ओलांडून सहज शेजारी जातात.

तेथील एक मराठी घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारी नात, अशी पाच माणसे. काही दिवसांपासून संध्याकाळच्या वेळी इंटरनेट रखडू लागले होते. आजोबांचा संशय शेजारच्या मुलावर होता.

“रोज आपल्या ओट्यावर बसून मोबाईल पाहतो. आपलंच नेट वापरत असणार. उद्या त्याच्या वडिलांना विचारतोच.”

“आजोबा, विचाराल ते नंतर,” नात म्हणाली. “आधी आपल्याकडे काय काय जोडलंय, ते तर बघू.”

राउटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर राउटरचा अंतर्गत पत्ता छापलेला असतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडून हा पत्ता टाकला, की राउटर नाव आणि पासवर्ड विचारतो. हा पासवर्ड वायफायचा नव्हे, राउटरच्या व्यवस्थापनाचा. तो दिल्यावर जे पान उघडते, त्यात जोडलेल्या उपकरणांची यादी सापडते. कोठे तिला ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ म्हणतात, कोठे ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’. सेवा देणाऱ्या अनेक कंपन्यांच्या मोबाईल ॲपमध्येही ती पाहता येते.

नातीने यादी उघडली. घरात मोजून सहा उपकरणे होती : चार फोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही. यादीत ओळी निघाल्या नऊ.

“बघ, मी म्हणत नव्हतो?” आजोबा म्हणाले.

अशा यादीतील प्रत्येक ओळीत साधारणपणे तीन गोष्टी असतात. पहिली उपकरणाचे नाव. ते उपकरण स्वतःच सांगते, म्हणून त्यावर फारसे विसंबू नये. दुसरी आयपी पत्ता. हा राउटरने तात्पुरता दिलेला क्रमांक होय. दवाखान्यात मिळणाऱ्या टोकनासारखा तो आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे असू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे मॅक पत्ता, आणि ओळख पटवण्यासाठी खरा उपयोग होतो तो याचा. त्यात बारा चिन्हे असतात, दोन-दोनच्या सहा जोड्यांत मांडलेली. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे, एवढीच चिन्हे त्यात येतात. पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या असतात. आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था त्या कंपन्यांना नेमून देते. त्यामुळे या तीन जोड्या इंटरनेटवर शोधल्या, की उपकरण कोणत्या कंपनीचे, ते समजते.

नऊपैकी पाच ओळी नावांवरूनच ओळखता आल्या. चार अनोळखी राहिल्या. त्यांतील एकीच्या पहिल्या तीन जोड्या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या निघाल्या. तेव्हा मुलाला आठवले, की दारावरचा कॅमेराही वायफायवरच चालतो. दोन वर्षांपूर्वी त्यानेच तो बसवला होता आणि विसरून गेला होता!

आणखी दोन ओळींच्या मॅक पत्त्यांवरून कोणतीच कंपनी सापडेना. येथे एक खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ या प्रणालींपासून अनेक फोन आपला मूळ मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता पुढे करतात. दुकाने, स्थानके अशा ठिकाणी मालकाचा माग काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. अशा पत्त्यातील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते. काही फोन हा पत्ता अधूनमधून बदलतात, आणि राउटरच्या यादीत जुनी ओळ काही काळ तशीच रेंगाळते. नातीने स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये या वायफायसाठी दिसणारा पत्ता पाहिला. दोनपैकी एका ओळीशी तो तंतोतंत जुळला. दुसरी ओळ त्याच फोनच्या जुन्या पत्त्याची होती, आणि ती काही वेळाने आपोआप नाहीशी झाली.

उरली एक.

एका ओळीसाठी एवढी यातायात कशाला, असे कोणाला वाटेल. पण बाहेरच्या जगाला संपूर्ण घर बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसते. पोस्टमनला वाड्याचा क्रमांक कळतो, आत कोणी पत्र लिहिले ते कळत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेत पोहोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासासाठी घेण्यात आले. त्याचे वायफाय सुरक्षित नव्हते, आणि त्याचा वापर दुसऱ्याच कोणीतरी केला होता, हे पुढे समोर आले. पुढच्याच महिन्यात मुंबईतील एका महाविद्यालयाच्या वायफायचाही असाच गैरवापर झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहकांच्या वायफाय सुरक्षेविषयी सूचना काढल्या. आपण काहीच केले नाही, एवढे म्हणून त्या गृहस्थाची चौकशी टळली नव्हती.

आजोबा चपला घालू लागले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “बाबा, थांबा. तो फोन त्याचाच असेल. पण पासवर्ड मीच दिला होता.”

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या. छत्तीसगड शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, या नावाने ऑनलाइन वर्ग सुरू केले होते. त्या वर्गांसाठी शेजारच्या मुलाला सूनबाईंनी पासवर्ड दिला, आणि त्याच्या फोनने तो जपून ठेवला.

मुलाला बोलावले. त्याने फोनचे वायफाय बंद केले. नातीने थोड्या वेळाने पान नव्याने उघडले, तर शेवटची ओळ नव्हती. पुन्हा चालू केल्यावर ती परत आली. उपकरण ओळखण्याची ही सर्वांत साधी रीत आहे, आणि ती कोणालाही जमते.

मग इंटरनेट रखडत का होते? नातीने प्रत्येक ओळीपुढचा वापर पाहिला. दारावरचा कॅमेरा रात्रंदिवस चित्रीकरण बाहेर पाठवत होता. संध्याकाळी घरातले सगळे परतले, की जोडणी अपुरी पडे. कॅमेऱ्याचे सतत चित्रीकरण बंद करून कोणी दारापुढे आल्यावरच ते व्हावे, अशी मांडणी मुलाने केली.

वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदलला. राउटरच्या व्यवस्थापनाचा, जो विकत आणल्यापासून तोच होता, तोही बदलला. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ चालू केले. त्यावरून इंटरनेट मिळते. पण घरातील लॅपटॉप किंवा कॅमेरा सहसा दिसत नाही. त्याचा पासवर्ड आजोबांनी एका कागदावर लिहिला आणि ओट्यावर जाऊन मुलाच्या हाती दिला.

पाठगत प्रश्न

१. आयपी पत्ता आणि मॅक पत्ता यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. राउटरच्या यादीत घरातील उपकरणांपेक्षा जास्त ओळी दिसण्याची पाठात आलेली कारणे लिहा.
३. सूनबाई बोलल्या नसत्या, तर आजोबा व शेजारी यांच्यात कोणता संवाद झाला असता? आठ-दहा वाक्यांत लिहा.