अजून एक गाइड कशाला?

दिवाळी संपली की ठाणे, डोंबिवली, कल्याणहून एकाच छापाचे फोन सुरू होतात. 'सर, नवनीत घेतलंय, एकवीस अपेक्षित आणलंय, क्लासच्या नोट्स आहेतच. अजून काही राहिलंय का?'

राहिलंय. पेपर लिहायचा राहिलाय.

राज्य मंडळाची दहावी पाठ्यपुस्तकावर चालते आणि ते पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तरी घरात सर्वांत कोरं तेच असतं. गणिताच्या पुस्तकात सरावसंच आहेत, प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आहे. 'क्लासमध्ये धडा झाला' म्हणून मुलं नेमकं संकीर्ण टाकतात. अर्थनियोजनात जीएसटी आहे. त्यासाठी औषधाच्या दुकानाचं बिल मुलापुढे ठेवा आणि केंद्राचा व राज्याचा कर वेगळा काढायला सांगा. ज्याला ते जमलं, त्याला सूत्र घोकावं लागत नाही.

भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन्ही देश मुलाने स्वतः भरायचे. विज्ञानात आकृत्या न बघता काढायच्या. घोडबंदर रोडच्या सीबीएसईवाल्यांना एनसीईआरटी पुरते. त्यांचं मंडळ नमुना प्रश्नपत्रिका गुणदान योजनेसह फुकट देतं.

खरी मेख भाषांत आहे, आणि पालक भाषा धरतच नाहीत. मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांपैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत: पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. गाइडातलं पत्र पाठ करून गेलेल्या मुलाला पेपरात वेगळा विषय आला की मायना तेवढा येतो. 2019 साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांचे 20 अंतर्गत गुणही काढले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत मिळाले, पण 80 गुण हातानेच लिहून मिळवायचे असतात, हे घरोघरी लगेच विसरलं गेलं.

आता थोडं पालकांशी. बाबा, तुम्ही लोकलमध्ये लोंबकळत व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेली पीडीएफ म्हणजे अभ्यास नव्हे. ती तुमच्या धास्तीची पोच आहे. मूल ती उघडत नाही, आणि न उघडल्याची टोचणी मात्र बाळगतं. आई, शेजारच्या मुलीने कुठली टेस्ट सिरीज लावली, हे जेवणाच्या ताटावर काढू नका. शंभर प्रश्नपत्रिकांचा संच आणून मुलाने त्यातली एकही पूर्ण लिहिली नसेल, तर ती खरेदी तुम्ही स्वतःच्या समाधानासाठी केलीत, असं मी सरळ सांगतो. राग आला तरी चालेल.

रविवारी एवढंच करा. बोर्डाचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो, तर घरचाही अकरालाच. गणित भाग 1 चा 40 गुणांचा पेपर, दोन तास, मोबाइल तुमच्या ताब्यात. वन रूम किचनमध्ये टीव्ही बंद होणार नसेल, तर वाचनालयात बसायची सोय आहे का, याची चौकशी करा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. क्लासच्या पत्रकांत त्यांचं नाव येत नाही एवढंच.

पेपर झाला की लाल पेनने तो मुलानेच तपासायचा, शेजारी पाठ्यपुस्तक उघडं ठेवून. तुम्ही गुण मोजायला बसू नका. चुकलेलं गणित बुधवारी पुन्हा, उत्तर न बघता.

जानेवारीतल्या 'गॅरंटी बॅच'ची फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एकच विचारा: मुलाने लिहिलेला पेपर कोण तपासणार, आणि किती दिवसांत परत देणार? 'आम्ही मॉडेल अॅन्सर देतो' असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.