वात, द्राव आणि चव

ई-सिगारेटच्या द्रावाची चव पारखणारे वातीला फार जपतात. असे का, हे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहू.

या उपकरणात बॅटरीवर तापणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून वात ओवलेली असते. केशाकर्षणाने द्राव वातीत चढतो व उष्णतेने त्याची वाफ होते. द्रावात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. ग्लिसरीन दाट, म्हणून ते सावकाश चढते. वात गच्च बसली तर द्राव अपुरा पडतो आणि करपलेल्या कापसाचीच चव लागते.

कापूस कोणता घ्यावा? मी दोन वाट्यांत पाणी घेतले. समईच्या वातीचा साधा कापूस तरंगत राहिला, औषधाच्या दुकानातला कापूस लगेच बुडाला. साध्या कापसाच्या तंतूंवर नैसर्गिक मेण असते. ते तेल ओढते, पाणी अडविते. हा द्राव पाण्यात मिसळणारा, म्हणून मेण काढलेलाच कापूस लागतो. शिवाय वातीत आधीचा स्वाद उरतो. यासाठी परीक्षक थेंब टाकून चालणारे उपकरण पसंत करतात, कारण त्यात दर चवीला वात बदलणे सोपे जाते.

तथापि जीभ फुप्फुसाची साक्ष देऊ शकत नाही. लोण्याचा स्वाद देणारे डायअ‍ॅसिटिल खाण्यात चालते. पण ज्या कामगारांच्या श्वासात त्याची वाफ गेली, त्यांच्या फुप्फुसांचा गंभीर आजार २००० साली अमेरिकेतील मिसूरीच्या पॉपकॉर्न कारखान्यात उघडकीस आला. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीस बंदी आहे. मित्रहो, केशाकर्षण शिकायला समईची वात पुरेशी आहे.