आकड्यांचा मुनीम

कंपनी कायद्याच्या तासाला आपण 'प्रॉक्सी' हा शब्द शिकतो. सभासदाला सर्वसाधारण सभेस जाता आले नाही तर तो आपल्या जागी दुसऱ्यास पाठवतो. 2013 च्या कायद्याप्रमाणे या प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. (हजेरीतल्या प्रॉक्सीविषयी येथे न लिहिलेले बरे!) वेबपाने तयार करणाऱ्यांच्या जावास्क्रिप्ट भाषेतही 2015 पासून एक प्रॉक्सी आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती इतरांपेक्षा लवकर समजावी, असे मला वाटते.

समजा, भालकीच्या एखाद्या अडत दुकानाची पट्टी वेबपानावर करायची आहे. तूर 12 क्विंटल, भाव 7,000 रुपये, रक्कम 84,000. हा आकडा मराठी पट्टीत, कन्नड पट्टीत, शेतकऱ्याच्या खात्यात आणि दिवसाच्या बेरजेत असा चार ठिकाणी लागतो. फेरतोलात वजन साडेअकरा क्विंटल भरले. आता चारही ठिकाणी 80,500 यायला हवेत. मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसराच आकडा राहिला, तर शेतकऱ्याने खरा कोणता मानायचा? प्रश्न 3,500 रुपयांचा आहे.

अशा बदलत्या माहितीला 'स्टेट' म्हणतात. 'व्ह्यू' या चौकटीत तिची व्यवस्था अशी: मूळ वही आत, आणि दाराशी मुनीम म्हणजे प्रॉक्सी. कोणी आकडा वाचायला मागितला की मुनीम तो देतो आणि कोणी काय वाचले याची नोंद ठेवतो. कोणी आकडा बदलला की तो वहीत लिहितो आणि ज्यांनी तोच आकडा वाचला होता तेवढ्यांनाच कळवतो. वजन बदलले की रक्कम पुन्हा मांडली जाते. शेतकऱ्याच्या गावाचे नाव बदलले तर रकमेला कोणी हात लावत नाही. खतावणीतही आपण सगळी खाती उघडत बसत नाही, तसेच हे.

व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीत एक मुनीम नव्हता. प्रत्येक रकान्यावर स्वतंत्र पहारेकरी होता. त्यामुळे हमालीचा रकाना मागाहून वाढवला तर त्याची कोणाला दादच नसे. तो वेगळा कळवावा लागे. सप्टेंबर 2020 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने प्रॉक्सी स्वीकारली आणि ही अडचण संपली. किंमत एवढीच, की प्रॉक्सी न जाणणारा जुना इंटरनेट एक्सप्लोरर सोडून द्यावा लागला. सौदा वाईट नव्हता.

मुनीम हुशार खरा, पण दाराबाहेरचे त्याला दिसत नाही. वजन एकदा वाचून वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घेतले, तर पुढे वहीत काहीही होवो, चिठ्ठीवर 12 च राहणार. कोणी मागच्या दाराने थेट मूळ वहीत खाडाखोड केली, तर वही बदलेल, पण पट्टीला खबर लागणार नाही. शिवाय मूळ वस्तू आणि तिची प्रॉक्सी यांची तुलना केली तर संगणक त्या दोन वेगळ्या वस्तू मानतो. म्हणून मूळ वस्तूला वेगळे नावच देऊ नये. पहिल्यापासून सर्वांच्या हाती प्रॉक्सीच द्यावी.