उतारशाळेत जागा आहे का?

नाताळ आला की घरोघरी गोठा सजतो. इ. स. १२२३ च्या नाताळ रात्री असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाणी, गवत, बैल व गाढव आणवले आणि तेथेच मिस्सा झाली. बाळ येशूने सोसलेली गरिबी लोकांनी डोळ्यांनी पाहावी, ही त्यांची इच्छा होती.

मरिया व योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, असे संत लूक सांगतात (लूक २:७). आज आपल्या घरांत जागा भरपूर आहे, पण मनात? बांधाच्या वादावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि नजर चुकवून घरी जातात. गोठा मात्र दोघांच्याही ओटीवर असतो!

नाताळकाळ २५ डिसेंबरला संपत नाही. तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. समेटासाठी एवढे दिवस पुरेसे आहेत. नाताळचा फराळ घेऊन पहिले पाऊल आपणच टाकू या. दार उघडले नाही, तर पुन्हा जाऊ या. योसेफालाही पहिल्याच दारी जागा मिळाली नव्हती.

चिंतनासाठी : माझ्या मनाच्या उतारशाळेत कोणाला जागा नाही?