गिऱ्हाईक आधी, दुकान मागाहून

हडपसरच्या पुढे थेऊर आहे. तेथील यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ साली बंद पडला. कारखाना बंद पडला, की बॉयलरवरचा कामगार घरी बसतो. ऊस वाहणारा गाडीवानही बसतो. पोट मात्र थांबत नाही. मग काय करावे?

आधी पैशाचे बघू. कामगाराला कामावरून कमी केले, तर भरपाई मिळते. नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, असा कायदा आहे. समजा, रोजचा पगार ५०० रुपये आणि नोकरी २० वर्षांची. १५ गुणिले २० म्हणजे ३०० दिवस. भरपाई झाली दीड लाख रुपये.

एवढी रक्कम एकदम हाती आली, की माणूस हुरळतो. कोणी थाटात लग्न उरकतो. कोणी घाईने दुकान थाटतो. शेजारी तसलीच चार दुकाने असतात. वर्षभरात पैसा संपतो नि कर्ज उरते. म्हणून आम्ही सांगतो, आधी गिऱ्हाईक शोधा, मग दुकान थाटा.

याचा दाखला हडपसरातच आहे. मगरपट्ट्याच्या बांधापर्यंत शहर आले. शेती राहणार नाही, हे शेतकऱ्यांनी ओळखले. सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःची कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा वाटा. श्री. सतीश मगर यांनी पुढाकार घेतला. २००० साली वसाहतीचे काम सुरू झाले. बांधकामाला माल हवा, गाड्या हव्यात, बागांना माळी हवेत. घरच्या पोरांनी असली कामे शिकून ठेक्याने घेतली. गिऱ्हाईक दारातच होते, म्हणून धंदे चालले.

कामगारापाशी एवढी जमीन नसते. पण हातात कसब असते. तेव्हा असे करा :

१. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. त्याला हात लावू नका.

२. आठ दिवस आसपास फिरा. कारखान्यांना, सोसायट्यांना, शेतकऱ्यांना कोणते काम करून हवे, ते विचारा. वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, नळकाम, जेवणाचे डबे, काहीही असो.

३. दोन-चार कामे घरूनच करून पाहा. खर्च नि मिळकत वहीत लिहा.

४. काम जमले, तरच हत्यारे घ्या. पैसे कमी पडले, तर सावकाराकडे जाऊ नका. बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. ही योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यातील ‘शिशु’ कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत, तारणाशिवाय मिळते. पण ते कर्ज आहे, देणगी नव्हे. हप्ता भरावाच लागतो.

एकट्याला मोठे काम झेपत नसेल, तर चौघे मिळून घ्या. हिशेब मात्र सर्वांसमोर ठेवा.

हिशेब करा : रोजचा पगार ६०० रुपये, नोकरी १२ वर्षांची. भरपाई किती?

विचार करा : आपल्या गावात कोणत्या कामासाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो?